काळ्या तुकड्यांची आंघोळ

३ मार्च, सकाळ
...आणि वर मलाच म्हणतात, हात लावू नकोस! लॅबमधल्या बरण्या धुवायच्या मी, करवंट्या भट्टीत जाळायच्या मी, आणि मॅडमचा विद्यार्थी त्यालाच 'सच्छिद्र कार्बन' म्हणून डॉक्टर होणार. कोळसाच तो. भोकं जास्त, एवढंच. गटाराच्या पाण्यात बुडवला की वीज येते. कशी, ते मला जवळजवळ समजलंय.

दुपार
आईचा फोन. धाकटीचा नर्सिंगला नंबर लागला. पंचवीसपर्यंत तीस हजार भरायचे, नाहीतर जागा गेली. म्हटलं, काळजी सोड. एकवीसला पाहुणे प्रयोग बघायला येतायत, मग मी पर्मनंट, मग ॲडव्हान्स. आई म्हणाली, कोण म्हणालं? कुणी म्हणायला कशाला हवं?

१४ मार्च
तीन महिन्यांनी दिवा लागला. वाटाण्याएवढा. मॅडम 'छान' म्हणाल्या. बहुतेक मलाच. विद्यार्थीही तिथेच होता.

२० मार्च, संध्याकाळ
उद्या पाहुणे. आणि काळ्या तुकड्यांवर हा बुळबुळीत थर! शी! शिकलेल्यांना स्वच्छता नाही. सगळे काढले, ब्लीचमध्ये भिजवले, ब्रशने भोकंन् भोकं घासली. बरण्यांत नळाचं स्वच्छ पाणी. दिवा विझलाय. पाणी गार आहे म्हणून. सकाळी लागेल.

२१ मार्च, ११.१०
लागला नाही. पण पाहुणे म्हणाले, बरण्या किती स्वच्छ! माझं काम पहिल्यांदाच कुणाला तरी दिसलं.

११.४०
विद्यार्थी मटकन खाली बसला. म्हणाला, अरे बाबा, त्या थरातच जंतू होते, वीज तेच करत होते, तीन महिने जपले होते रे. म्हटलं, मग तसा बोर्ड लावायचा! तो रडला. जंतूंसाठी एवढं?
मॅडम ओरडल्या नाहीत. उद्यापासून येऊ नकोस म्हणाल्या. ओरडल्या असत्या तर बरं होतं.

२३ मार्च
काम विचारायला एक गोदाम, दोन गॅरेज. कळवतो म्हणाले. आवाजावरून कळवतील असं वाटतं. धाकटीने विचारलं, दादा, फॉर्म भरू ना? म्हटलं, बिनधास्त भर.

२४ मार्च
रूममधल्या ड्रायव्हरकडे तीस हजार मागितले. म्हणाला, मी काय येडा आहे? मग दोन हजार उशीवर टाकले आणि भिंतीकडे तोंड करून झोपला.
जेवण नको वाटतं.

२५ मार्च, संध्याकाळ
धाकटीला खरं सांगायचंच ठरवलं. फोन लावला आणि म्हणालो, कॉलेजला सांग, दादा शास्त्रज्ञ आहे, दोन दिवस थांबा. ती म्हणाली, दादा, दुपारीच नाव कापलं. मग म्हणाली, तू जेवलास का?
पुढच्या वर्षीची फी आजपासूनच पाठवायला घेतली. या वेळी उशीर नको. उरलेला पगार आणि ड्रायव्हरचे धरून, पहिला हप्ता : चार हजार तीनशे वीस.