सहा चौदाचा मिस्ड कॉल

९ मार्च २०२५, रविवार

आज ती फॉर्म भरायला आली. वीस-एकवीसची, राखाडी स्कार्फ, बोलायला एकदम फटाकडी. पत्ता करंजाडे. म्हटलं, बाई, पनवेलच्या पलीकडून शिरवण्याला गाडी शिकायला? तिकडचे क्लास बंद पडले का? तर म्हणते, "नानी बोलली, शिरवण्याच्या दिपेशकडेच जा. तो सावकाश शिकवतो."

फॉर्मवर आईचं नाव वाचलं. अमरीन. बासितची धाकटी बहीण. मग पोरीचा चेहरा नीट पाहिला. भुवया त्याच्याच, नाकावर जवळजवळ मिळालेल्या.

म्हणजे नानी – मेहरुनचाची.

सही चुकली. पेन खराब आहे म्हणालो.

१० मार्च

सुमय्याचा पहिला धडा. रोजा असून उत्साह दांडगा. क्लच सोडते तो उंदराची शेपटी सोडल्यासारखा. तीनदा गाडी बंद पडली, तीनदा हसली. मग विचारलं, "सर, तुम्ही कधी जोरात पळवलीय का गाडी?"

नाही म्हणालो.

पोरं पाठीमागे मला 'चाळीस' म्हणतात. माहीत आहे मला. काटा चाळीसच्या वर गेला की माझा पाय आपोआप माझ्या बाजूच्या ब्रेकवर जातो. क्लासच्या गाडीला शिकवणाऱ्याच्या पायाखाली दुसरा ब्रेक असतो ना, तो आहे म्हणून मी गाडीत बसू शकतो. नाहीतर बसलोच नसतो.

१३ मार्च, होळी

गावात सकाळपासून ढोल. माझं लक्ष नाही.

आज पोरीने गाडी बाजूला घेतली आणि म्हणाली, "सर, मला ठाऊक आहे तुम्ही बासितमामूचे दोस्त होता. घरी त्यांचं नाव काढलं की नाना उठून जातात. मला त्यांचा एक फोटो पण धड माहीत नाही." मग पर्समधून पिशवी काढली. शिफ्टिंगमध्ये नानीच्या कपाटात सापडली म्हणे. आत एक चावी, एक घड्याळ आणि त्याचा नोकिया.

"बॅटरी फुगलीय. तुमच्याकडे मिळेल का कुठे? आत फोटो असतील."

मी तो फोन हातात घेतला नाही. बघतो म्हणालो. शिकवताना एवढा घाम मला मे महिन्यात येत नाही.

१४ मार्च

काही नाही. रंग खेळलो नाही.

१६ मार्च, रविवार

लिहूनच काढतो. अठरा वर्षांत एकदाही लिहिलं नाही. या वहीला तरी खरं सांगावं.

आमच्या शर्यती रविवारी सकाळी सहा ते साडेसहा. पाम बीच रोड, वाशीच्या टोकापासून बेलापूरच्या टोकापर्यंत. फिरायला येणारी माणसं कडेकडेने चालायची, त्यांना आम्ही फक्त आवाज. बासितची लाल एस्टीम, सेकंडहँड, पण इंजिन त्याने असं काही बसवून घेतलं होतं की उभी असतानासुद्धा बॉनेट थरथरायचं. माझी पांढरी झेन. आमची जमीन सरकारने घेतली होती, बदल्यात साडेबारा टक्क्यांचा प्लॉट आला होता, हातात काम नव्हतं आणि पायाखाली नवाकोरा सरळ रस्ता. दुसरं काय करणार होतो?

आणि खोटं कशाला बोलू – मजा यायची. एकशे चाळीसला खाडीच्या बाजूचे खांब वेगळे दिसत नाहीत, एकच भिंत होते. कानात वारा सोडून काही नाही. बासित शेजारून जाताना बघायचा आणि हसायचा, तोंड उघडं टाकून, लहान पोरासारखा. अजून पायाला ते आठवतं. झोपेत उजवा पाय खाली दाबतो म्हणून बायको शिव्या देते.

तर पद्धत अशी. एकाने पुढे करावेच्या वळणावर उभं राहायचं. वळणापलीकडचं वाशीवरून दिसत नाही. रस्ता मोकळा असला की त्याने पुढच्या गाडीला एक मिस्ड कॉल द्यायचा. कॉल म्हणजे सुटा. फोन सायलेंटवर, स्पीडोमीटरच्या पुढ्यात ठेवलेला. लाईट लागली की क्लच सोडायचा.

एकदा बासित हरला, कारण लाईट लागल्यावर तो नाव वाचत बसला. मग मी नियम केला – नाव बघायचं नाही. लाईट लागली की निघायचं. मीच केला तो नियम. सगळे म्हणाले, बरोबर आहे.

पुढचं उद्या.

१८ मार्च

काल वही उघडली नाही. सुमय्याला म्हणालो बॅटरी मिळत नाही, जुनं मॉडेल आहे. खोटं. तीच बॅटरी आईच्या भजनाच्या डब्यात, त्या भजनं वाजवणाऱ्या छोट्या स्पीकरमध्ये आहे. सकाळी सहापासून तो डबा माझ्या डोक्याशी अभंग म्हणतो.

११ फेब्रुवारी २००७. वळणावर मी. वाशीला बासित आणि आमच्यातला तिसरा, प्रसाद, आपापल्या गाडीत. माझ्या फोनवर बासितचं नाव काढून ठेवलेलं, अंगठा हिरव्या बटणावर. रस्ता मोकळा होता. दाबणारच होतो. तेवढ्यात दुभाजकातल्या झाडांना पाणी घालणारा टँकर मधल्या फटीतून वळला आणि आतल्या लेनमध्ये, बरोबर वळणाच्या तोंडाशी उभा राहिला. पाइपवाला उतरून झाडांत शिरला. मी अंगठा उचलला. उचलला होता, असं मला आठवतं.

आणि मग आवाज आला. एस्टीमचा. लांबून, वाढत. मी रस्त्यावर धावलो, दोन्ही हात वर. त्याने मला पाहिलं असेल का? पाइपवाला झाडांत होता म्हणून वाचला. प्रसाद मागे होता, त्याला थांबता आलं. बासितला नाही.

माझा फोन मी त्याच सकाळी खाडीत फेकला. पोलीस विचारतील म्हणून. चोविसाव्या वर्षी एवढीच अक्कल होती. मी कॉल दिला नाही याचा माझ्याकडचा एकुलता एक पुरावा होता तो, आणि मीच बुडवला.

२० मार्च

तिसऱ्या दिवशी पनवेलला बासितच्या घरी गेलो होतो. बैठकीत सगळे पुरुष. त्याचे वडील, अब्दुल्लाचाचा, मधोमध. मी रडत रडत सगळी पद्धत सांगितली. मिस्ड कॉल आला की सुटायचं, नाव बघायचं नाही, आणि शपथेवर सांगतो, मी कॉल दिला नव्हता.

प्रसाद म्हणाला, "त्याचा फोन उजळला. मी स्वतः पाहिला."

चाचांनी माझ्याकडे पाहिलं. "मग कोनी दिला?"

सगळे माझ्याकडेच बघत होते. मी पण, बहुतेक.

त्यानंतर चाचा माझ्याशी एक शब्द बोललेले नाहीत. पनवेलच्या बाजारात समोरासमोर आलो तर रस्ता ओलांडतात. प्रसाद कॅनडाला गेला. आणि मी दरवर्षी थोडा थोडा स्वतःवरचा विश्वास घालवत आलो. अंगठा उचलताना दाबला गेला असेल? खिशात टाकताना? धावताना? रोज तो अंगठा मनात उचलून बघतो. कधी उचललेला असतो, कधी दाबलेला.

एक मेहरुनचाची तेवढी. दर ईदला तिचा डबा येतो. स्टीलचा, निळ्या फडक्यात बांधलेला, आत शीरखुर्मा. कोणा ना कोणाच्या हाती पाठवते. अठरा वर्षांत एक ईद चुकलेली नाही. आई डबा रिकामा पाठवत नाही, नारळाच्या वड्या भरते. पहिल्या वर्षी मी डब्यापुढे बसून रडलो तर आई म्हणाली, "तिनी माफ केलाय तुला. आता तरी खा."

त्या माफीवर जगलो मी. खरंच सांगतो.

२२ मार्च

सुमय्याने पिशवी माझ्या टेबलावर ठेवली. "सर, तुम्हीच बघा. आणि नानांना कळलंय. मला वाटलं ओरडतील. पण बोलले, उघडला की फोटो नंतर, आधी शेवटचा कॉल कोणाचा ते बघ."

टेबलाच्या खणात ठेवून कुलूप लावलं.

२३ मार्च

उघडावा का? माझं नाव निघालं तर? निदान कळेल तरी. नाही निघालं तर?

२४ मार्च

सुमय्या आज पहिल्यांदा तिसऱ्या गियरमध्ये गेली. बेचाळीस झाले. मी ब्रेक मारला. ती पुढे आपटली आणि पहिल्यांदाच माझ्यावर चिडली. "रस्ता रिकामा आहे सर! कशाला घाबरता एवढे?"

तिला सॉरी म्हणालो.

२८ मार्च

आई म्हणाली, "तू काय केला नाय, मंग कनाला भितंस?" तिला कसं सांगू, की मी काय केलं तेच मला माहीत नाही.

३० मार्च, पाडवा

गुढी उभारली. आई नैवेद्याच्या गडबडीत होती तेव्हा तिच्या भजनाच्या डब्यातून बॅटरी काढली आणि क्लासच्या ऑफिसात जाऊन शटर आतून ओढून घेतलं.

फोन लागला. तारीख विचारली त्याने. काहीतरी टाकली. मग मिस्ड कॉल. सगळ्यात वर एकच ओळ –

घर. ११ फेब्रुवारी, ६.१४.

त्याखाली आदल्या दिवसाचे. माझा कॉल शनिवारी रात्रीचा. रविवारचा नाही. तीनदा बघितलं. खाली जाऊन वर आलो. नाही. मी नाही. मी अंगठा उचलला होता!

कधी नव्हे ते ऑफिसात एकटा मोठ्याने हसलो. घरी येऊन दोन वाट्या श्रीखंड खाल्लं. बायको विचारत होती काय झालं. काही नाही, पाडवा आहे म्हणालो. आई डबा का बोलत नाही म्हणून तो आपटत होती.

संध्याकाळ

घर म्हणजे कोण, हे हात धुताना लक्षात आलं.

बासित सांगायचा ना. "अम्मी फोनचं बिल वाढू देत नाही. रविवारी सकाळी घरातून एक रिंग – म्हणजे येताना बेकरीतून पाव आण." आम्ही त्याला चिडवायचो त्यावरून. पाववाला म्हणायचो.

त्याच्या आईनेच पावासाठी दिलेला कॉल. आणि त्याने नाव बघितलं नाही, कारण नाव बघायचं नाही असा नियम होता. माझा.

चाचांना खरं सांगितलं तर मी सुटतो. आणि त्या म्हातारीला सत्तराव्या वर्षी कळतं, की पोराला तिनेच सोडलं. मला माझ्या अंगठ्यासोबत अठरा वर्षं काढता आली. तिला आठ दिवस काढता येतील का?

पुन्हा ऑफिसात गेलो. ती ओळ पुसली. फोटो ठेवले – एस्टीमचा एक, माझा जीभ काढलेला एक, आणि ओट्याशी पाठमोऱ्या चाचीचे पाच.

३१ मार्च, ईद

करंजाड्याला गेलो. आठवा मजला, नवं घर, अजून खोकी पडलेली. सुमय्याने दार उघडलं आणि घाबरलीच. चाचा खुर्चीत, नवा कुर्ता, खूप बारीक झालेत. मी बसलो नाही. फोनची पिशवी टेबलावर ठेवली.

"चाचा, फोन उघडला. कॉल माझा होता. मीच दिला होता. त्या दिवशी खोटं बोललो."

चाचांनी टोपी काढली, मांडीवर ठेवली. "येवरां सांगाला अठरा वर्सां लागली?" सुमय्या माझ्याकडे अशी बघत होती, की ती उद्यापासून क्लासला येणार नाही हे कळलं. शेवटी चाचा म्हणाले, "बस. ईद हाय. खाऊन जा." आवाजात राग नव्हता. दमलेला माणूस डोक्यावरची पाटी खाली ठेवतो तसा वाटला.

चाचीने वाटी आणून दिली. हातात दिली नाही, टेबलावर ठेवली. माझ्याकडे बघितलं नाही. मला वाटलं, अठरा वर्षांची माफी आज गेली. जाऊ दे. दोन चमचे खाल्ले आणि निघालो.

घरी आल्यावर आईने डबा कुठाय विचारलं. या वर्षी नाही म्हणालो.

१ एप्रिल

सव्वासहाला फोन एकदा वाजून बंद झाला. अनोळखी नंबर. मी उलट लावला.

मेहरुनचाची.

"खोटा कनाला बोललास? तो कॉल माजा होता. पावाचा. तिसऱ्या दिवशी तू बैठकीत सगला सांगत होतास ना, तवा मी पडद्यामागं उभी होते. तवाच समजला. हे विचारत होते कोनी दिला, नि मी तोंड उघडला नाय. तुज्यावर गेला, जाऊ दिला."

मी म्हणालो, "चाची, नाव बघायचं नाही हा नियम माझा होता."

"गप. फोन काय शिफ्टिंगमधी सापडला नाय. मीच लपवलेला, नि मीच ठेवला पोरीच्या हाताशी. माज्यानी बोलवत नव्हता, म्हटला तो तरी बोलंल. रातीला फोन उघडून बघितला, तर तू तोही पुसलास."

मी डब्याचं काहीतरी बोलायला गेलो. शीरखुर्म्याचं. तिने मला माफ केलं असं मी समजत होतो, वगैरे.

"मी तुला माफ करनारी कोन?" चाची म्हणाली. "माफी मी मागत होते. दर ईदला."

मग रडली. मग नाक पुसल्याचा आवाज. मग म्हणाली, "आज यांना मी सांगनार हाय. तू समोर बस. एकलीनी जमनार नाय माज्यानी."

निघतोय. येताना पाव आण म्हणाली.