शिवानीच्या नावाची पाटी

२ मार्च

आज शिवानी गेली वळसंगला, माहेरी. पहिलटकरीण, सातवा सरला, जायचंच होतं. डोहाळजेवणाला पन्नास बायका. ती झोपाळ्यावर हिरव्या साडीत, आणि मी थोरली जाऊ म्हणून पंगतीत गव्हाची गोड हुग्गी वाढतेय. कुंभारी गावची एक बाई पानावरून मान वर करून मला विचारते – "ती शिवानीकटिंग डॉट इनवाली हीच का हो?" हो म्हटलं. "लई छान शिकवती बाई. तुमी कोण तिच्या?"

मी कोण! हिला कात्री धरायला मी शिकवलं. लग्न होऊन आली तेव्हा अस्तर उलटं लावायची. माझा 'सुईदोरा' ब्लॉग आठ वर्षांचा आहे, चारशे बारा लेख, प्रत्येक माप मी स्वतः कापडावर घालून बघितलेलं. पण फुकटातला ना. पत्ता सांगायचा तर 'सुईदोरा', मग टिंब, मग फुकट जागा देणाऱ्या कंपनीचं नाव, मग डॉट कॉम. तोवर विचारणारी बाई पाणी मागते.

म्हणून मी पुढं सरकले. पुढच्या पानावर हुग्गी वाढली.

३ मार्च

तिची खोली बंद आहे. घर शांत. बरं वाटतंय असं लिहायला नको, पण वाटतंय.

५ मार्च

'सुईदोरा'वर आज १८४ वाचक! दोन वर्षांपूर्वी तीसच्या वर आकडा जात नव्हता. म्हणजे फुकटच्या जागेतही माणसं येतात. माल चांगला लागतो. हे घरात कुणाला सांगावंसं वाटलं, पण यांना आकडा सांगितला की "बरं" म्हणतात आणि पेपरात तोंड घालतात.

९ मार्च

आमच्या दुकानातला प्रिंटर घेऊन गुरुकडे गेले. कोपऱ्यावरचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान त्याचं. शिवानीची साइट त्यानंच बांधून दिली. सहज विचारल्यासारखं विचारलं, स्वतःचं नाव घेतल्यानं असं काय होतं?

"वैनी, तुमचं कसंय, दुसऱ्याच्या कट्ट्यावर बसून धंदा. त्यानं उठ म्हटलं की उठायचं. शिवानीवैनीची जागा त्यांच्या नावावर हाय."

मग म्हणाला, पण नावाला दर मुदतीला पैसे भरावे लागतात. विसरलं की गेलं. फुकटच्याला ती कटकट नाही.

हे दुसरं मला आवडलं. घरी येईपर्यंत तेवढंच घोळवत आले. माझं आठ वर्षांत एकदाही बंद पडलं नाही. कुणी हिसकावून घेईल असं त्यात आहे तरी काय? तरीपण. 'त्यांच्या नावावर' हे गुरुनं ज्या आदरानं म्हटलं, ते कानातून जाईना.

२३ मार्च

आमच्या घरात मेल एकच. प्रभुभाऊजींनी, म्हणजे धाकट्या दिरांनी, अस्तर-फॉलच्या दुकानासाठी काढलेली. गॅस, लाइट बिल, पोरांच्या शाळा, सगळं त्याच पत्त्यावर. मालाच्या ऑर्डरी बघायच्या म्हणून सकाळी ती मीच उघडते.

आज त्यात शिवानीच्या साइटचा मेल. नावाची मुदत २३ एप्रिलला संपतेय, पैसे भरा. दोन वर्षांपूर्वी बसव जयंतीचा मुहूर्त धरून घेतलं होतं, सासूबाईंनी पेढे वाटले होते. माझा ब्लॉग सुरू झाला तेव्हा घरात साखरसुद्धा कुणी हातावर ठेवली नव्हती.

सांगते उद्या तिला.

२४ मार्च

नाही सांगितलं. भाऊजी सोलापुरात नव्हते, आणि तिला आता नववा लागलेला. अशा वेळी कशाला कटकट. हे कारण चांगलं आहे. खरं नाही, पण चांगलं आहे.

३० मार्च

पाडवा. गुढी उभारली आणि यांना म्हटलं, मुहूर्त चांगला आहे, मीपण स्वतःचं नाव घेऊ का?

"फुकट चाललंय की तुझं. कशाला पैसे घालायचे?"

शिवानीच्या वेळी मात्र यांनीच म्हटलं होतं – प्रभुची बायको हुशार हाय, घेऊ द्या. श्रीखंड जरा जास्तच घोटलं गेलं.

११ एप्रिल

शिवानीला मुलगी झाली. "छलो आय्तु," म्हणत सासूबाई देवापुढे बसल्या, बरं झालं, सुटली म्हणाल्या. आम्ही सगळे वळसंगला जाऊन आलो. पोरीची बोटं लांब आहेत, अगदी सुई धरण्याजोगी. मी घेतली मांडीवर. तेवढा वेळ मनात काही नव्हतं, हे इथं लिहून ठेवते.

निघताना शिवानी म्हणाली, "अक्का, मेल बघताय न्हवं रोज? काय आलं-बिलं तर सांगा."

म्हटलं, दुकानाचेच असतात गं सगळे.

"बरं," म्हणाली आणि पोरीचं टोपडं सारखं करत बसली. एस.टी.त खिडकीशी बसून मी स्वतःला समजावत होते की आजच मुलगी झालेल्या बाईला मेलचं काय सांगायचं.

१५ एप्रिल

दुसरा मेल. आठ दिवस राहिले. वाचला आणि पुसला. पहिलाही पुसला.

२१ एप्रिल

तिसरा. शेवटची सूचना, लाल अक्षरात. पण मी काय केलं? काहीच केलं नाही. पैसे तिनं भरायचे, तारीख तिनं लक्षात ठेवायची. स्वतःचं नाव हवं ना, मग राखा स्वतःच. पुसला.

२४ एप्रिल

सकाळी चहाच्या आधी उघडून बघितलं. शिवानीकटिंग नाही! पांढरं पान, त्यावर इंग्रजीत काहीतरी, की हे नाव आता चालू नाही. तीनदा बघितलं. खूप दिवसांनी भाकरी मनासारख्या फुगल्या.

आता माझं घेणार. येत्या बसव जयंतीला, ३० तारखेला. माझे मी पैसे साठवलेत, कुणाला विचारायचं नाही.

२५ एप्रिल

वाचक ४०. शाळांना सुट्या लागल्यात, म्हणून असेल.

२६ एप्रिल

१७.

२७ एप्रिल

नाव आधी बघून ठेवावं म्हणून गुरुकडे गेले. त्याला म्हटलं, दोन दिवसांत वाचक एकदम आटले, ब्लॉगमध्ये काही बिघाड आहे का बघ. त्यानं माझंच पान उघडलं, आकड्यांच्या मागं कुठली तरी यादी असते ती काढली. मी आठ वर्षांत ती कधी उघडली नव्हती. वाचक कुठून येतात ते त्यात असतं.

"बिगाड कायबी न्हाई, वैनी. धा जणांतले नऊ जण शिवानीवैनीच्या साइटवरनं येत होते. ती बंद पडली, मग कुटनं येणार?"

मी म्हटलं, तिच्या साइटवरून माझ्याकडे कशाला येतील?

तो माझ्याकडे बघतच राहिला. "तुमी वाचली न्हाई व्हय त्यांची साइट?"

नाही वाचली. वरचं तिचं नाव दिसलं की पुढं जाववत नसे. मिटून टाकायची.

साइटची राखून ठेवलेली प्रत गुरुकडे होती. कटोरी ब्लाउजचा धडा उघडून दिला. शेवटी लिहिलंय – 'मुंढ्याचा गोल मला माझ्या अक्कांनी शिकवला. त्यांनी लिहिलेलं आधी वाचा, मगच कात्री उचला.' खाली माझा पत्ता. टिंब, कंपनीचं नाव, सगळं नीट. पुढच्या धड्याखाली तेच. त्याच्या पुढच्याही. मी एकोणीस धडे उघडले. एकोणीस ठिकाणी मी होते.

गुरु म्हणाला, अजून महिनाभर नाव राखून ठेवतात, पैसे भरले की परत मिळतं. त्यांना लवकर सांगा, बाळंतपणाच्या गडबडीत ध्यानात राहिलं नसंल. मी मान हलवली. माझ्या नावाचं त्याला विचारलंच नाही. येताना भवानी पेठेतली सगळी दुकानं ओळखीची, आणि कुणाशी बोलावंसं वाटेना. किती लाज वाटतेय हे लिहितानाही नीट लिहिता येत नाहीये.

२८ एप्रिल

वळसंगला फोन केला. एका दमात सांगून टाकलं – तीन मेल आले होते, तिन्ही मी वाचले, तिन्ही पुसले.

पलीकडे शिवानी पोरीला थोपटत होती. मग म्हणाली, "म्हाईत हाय, अक्का. ती मेल माझ्याबी फोनवर उगडते की."

मग भरले का नाहीस?

"तुमी सांगताल म्हनून थांबले."