न उचललेलं आसन

कौस्तुभ,

ड्युटीवर तुझा फोन लॉकरमध्ये असतो, म्हणून चिठ्ठी ठेवतेय. मी गोडदेवला आईकडे चाललेय. उसळ फ्रिजमध्ये आहे, गरम करून घे.

माझं ध्यानाचं आसन हॉलमध्येच आहे, त्याला हात लावू नकोस. वर्गातल्या समिधाताई बजावतात ना, ध्यान झालं की आसन उचलायचं, नाहीतर दुसरंच कुणी येऊन बसतं? काल उचलायचं राहिलं. आज सकाळी बसले, तर ते उबदार लागलं. तरी रोजच्यासारखं ॐ म्हणत खालून एकेक चक्र मोकळं करत गळ्यापर्यंत आले, आणि आवाजच फुटेना. पुढचा ॐ स्वयंपाकघरातून आला, माझ्याच आवाजात.

मला अजून बोलता येत नाहीये. म्हणून सांगते, घरात माझ्या आवाजात हाक आली, तर ओ देऊ नकोस.

नीलम