वीस किलोत न मावणारा मामू

कतीफ, सौदी अरबस्तान, जुम्मा, ८ फेब्रुवारी १९९१

मोठ्या खालाजान बिलकिस यांच्या खिदमतीत भाचा हम्माद याचा अदबीनं आणि जरा घाबरत घाबरत सलाम. मी आणि उस्मान मामू, दोघंही अल्लाच्या मेहरबानीनं हातापायांनी पूर्ण आहोत. तुमचा डावा गुडघा (की उजवा? मागच्या पत्रात डावा होता, त्याच्या मागच्यात उजवा, म्हणून मी दोन्ही धरून दुआ करतो) आता पायऱ्या चढू देतो का? ती चावरी कोंबडी अजून अंगणात फिरते की कालवणात गेली? अम्मीला सांगा, हम्माद वेळेवर जेवतो आणि एकही नमाज चुकवत नाही. हे तुमच्या तोंडून सांगा, मी लिहिलं की तिला खरं वाटत नाही. नववीत मी दोनदा बसलो आणि दोनदा उठलो हे तुम्हाला ठाऊकच आहे, तेव्हा अक्षराकडे बघू नका, मतलबाकडे बघा. मतलब जरा पुढे आहे.

लढाईची काळजी करू नका. लढाई म्हणजे भोंगा वाजतो, सगळे घरात पळतात, धहरानच्या बाजूला आभाळात काहीतरी फुटतं, पुन्हा भोंगा वाजतो आणि सगळे बाहेर येऊन एकमेकांना विचारतात, तुला दिसलं का? मी इथं यायच्या आधी खमीस मुशैत गावी तीन महिने होतो तेव्हा खोलीतल्या पेशावरी माणसाचं घोरणं याहून मोठं होतं. (त्यानं एकदा झोपेतच दुसऱ्याचा सदरा घालून कामावर जाऊन हजेरी लावली होती, पण ते सांगत बसलो तर कागद संपेल.) खरी अडचण मामूच्या कामाची. समुद्रात तेल पसरलंय, होड्या किनाऱ्याला लागल्यात, कोल्ड स्टोरेजमध्ये पापलेटाचं शेपूटही नाही. तरी मामू रोज सकाळी जातो, रिकाम्या खोलीचं तापमान वहीत लिहितो आणि काम केल्यासारखा दमून परत येतो. शेवटी मागच्या महिन्यात कफीलच, म्हणजे आमचा अरब मालकच, म्हणाला, "उस्मान, मछली खलास. यल्ला, घर जाओ, बच्ची को देखो, लडाई के बाद आओ." त्यानं जाण्यायेण्याचा शिक्का मारलेला कागद दिला, जेद्दापर्यंत बस, पुढे विमानात एक जागा. (एकच. मला येऊन अकरा महिने झालेत, माझी पाळी नाही.) कागद आठ मार्चपर्यंत चालतो. सामान वीस किलो.

खाला, दुसरा कुणी असता तर चप्पल न घालता बसकडे धावला असता. मामूनं कागद दोनदा वाचला, घडी केली आणि म्हणाला, "वीस किलो? मग कसं जमणार?"

यात मामूचा दोष नाही. राग मानू नका, पण दोष तुमच्या पिढीचा आहे. मी इथं रिकामा बसून यावर बराच विचार केला. इंग्रज गेला आणि घराघरात पाळणे हलले. तुम्ही नऊ भावंडं, शेजारच्या काझींकडे सात, खोतांकडे आठ. तुम्ही सगळे एकदम शाळेत गेलात, तर गुरुजींना अर्धा वर्ग वडाखाली बसवावा लागला. सगळे एकदम वयात आलात, तर खाडीवर दुसरी होडी घालावी लागली, पहिलीत वऱ्हाडं मावेनात. मग सगळ्यांना एकदम नोकऱ्या लागायला हव्या होत्या, तेवढ्या काही गावात नव्हत्या, म्हणून तुम्ही अरबस्तान शोधून काढलंत. आता गावात घरोघरी स्लॅब आहे, मशिदीत फरशी आहे, फक्त फरशीवर उभे राहायला पुरुष नाहीत. तुम्ही जिथे जाल तिथे गर्दी, आणि गर्दीतला माणूस एकटा जेवूसुद्धा शकत नाही. मामू इथं दोन माणसांसाठी भात टाकतो आणि अकराजणांचा शिजवतो, मग तीन दिवस आम्ही तोच खातो. आम्ही घरात दोनच भावंडं. (कुटुंबनियोजनाच्या लाल त्रिकोणाची मेहरबानी.) आंबा आला की एक माझा, एक बहिणीचा, विषय संपला. तुमच्याकडे एक आंबा नऊजणांत कापायचा आणि बाठ पाळीनं मिळायची. मामू अजून सांगतो, चौसष्ट साली बाठीची पाळी त्याची होती आणि ती जमालुद्दीन मामूनं चोखली. हे सांगताना त्याच्या डोळ्यात पाणी येतं, आणि तरी तो जमालुद्दीन मामूसाठी कॅसेट प्लेअर घेतो!

तर आमच्या आतल्या खोलीत आठ खोके आहेत. प्रत्येकावर मामूच्या अक्षरात एकेका भावंडाचं नाव. सगळ्यांत सारखं सामान: डिनर सेट, इस्त्री, कॅसेट प्लेअर, चहाचा सेट, कोरियन ब्लँकेट. आठवा खोका भरेपर्यंत पहिल्यातला कॅसेट प्लेअर जुना होतो, मग आठही बदलायचे. यात सहा वर्षं गेली. आणि आम्ही दोघं टवके उडालेल्या ताटल्यांत जेवतो, कान तुटलेल्या कपात चहा पितो, आणि जानेवारीच्या थंडीत (वाळवंटात थंडी नसते असं ज्यानं सांगितलं त्याला एक रात्र इथं आणून झोपवा) मी पोत्यासारख्या चादरीत कुडकुडतो. भिंतीपलीकडे आठ ब्लँकेटं प्लॅस्टिकमध्ये उबेत. नववा खोका नाही. मामीच्या आणि त्यांच्या पोरीच्या, सहरच्या, नावाचं काहीच नाही. विचारलं तर मामू म्हणाला, "ती आपलीच माणसं, त्यांचं शेवटी." सहर सात वर्षांची झाली, आणि मामूनं तिला शेवटचं पाहिलं तेव्हा ती भिंत धरून चालत होती. मामी तिला सांगते, अब्बा खोके भरतोय, भरले की येणार. ईदला तिनं चित्र पाठवलं: माड, कोंबडी (चोच बघता तुमचीच असावी), आणि एक मोठा चौकोन, त्याला दोन पाय. खाली लिहिलंय, अब्बा. मामूनं ते फ्रिजवर चिकटवलंय आणि सगळ्यांना सांगतो की पोरीचा हात चांगला आहे.

आता लढाईकडे वळतो. गॅसचा बॉम्ब पडला तर, म्हणून एक खोली चिकटपट्टीनं बंद करायची असा हुकूम निघाला. पलीकडच्या बिल्डिंगमधले शिरीष साहेब समजावायला आले. पुण्याचे आहेत, पेट्रोकेमिकलमध्ये इंजिनिअर, मामूच्याच वयाचे, तेही सहा भावंडं. त्यांनी आतली खोली पसंत केली. एकच खिडकी, भिंती जाड. मामूनं आणि त्यांनी मिळून सगळ्या फटींना अशी पट्टी मारली की मुंगी गुदमरावी. मग माझ्या ध्यानात आलं की आत पाय ठेवायला जागा नाही.

"मामू, खोके बाहेर काढूया का?"

"वेडा झालास? बाहेर काचा फुटल्या तर डिनर सेट?"

"मग आपण कुठं बसायचं?"

"माणसाचं काय, माणूस कुठेही बसतो."

मला वाटलं शिरीष साहेब हसतील. शिकलेला माणूस. त्यांनी हनुवटी खाजवली आणि म्हणाले, "उस्मानभाई, पॉइंट आहे तुमचा. माझ्या बहिणीचा मिक्सर हॉलमध्ये उघड्यावरच पडलाय हो. इथं ठेवला तर चालेल का?" अर्ध्या तासात मिक्सर आला. तुमच्या पिढीपुढे मी हात टेकले, हिंदू-मुसलमान दोन्ही.

त्यामुळे भोंगा वाजला की मिक्सर आणि आठ खोके बंद खोलीत, आणि आम्ही स्वयंपाकघरात दाराखाली ओला टॉवेल कोंबून बसायचो. कफीलनं दोन मास्क दिले होते. एक मी घालायचो. दुसरा मामूनं जमालुद्दीन मामूच्या खोक्यात टाकला, आंब्यावर फवारणी करताना उपयोगी पडेल म्हणून.

आता गुन्हा कबूल करतो. पहिल्या आठवड्यात टॉवेल पुरेना, तेव्हा मी मामूच्या नकळत तुमच्या खोक्यातलं ब्लँकेट काढलं आणि भिजवून दाराला लावलं. (तपकिरी, वर वाघ. वाघ सुंदर आहे.) तुमचंच का? तुमचा खोका दाराजवळ होता, मोठ्या बहिणीचा मान म्हणून. मग माझ्या मनात आलं, एक उघडला तसे बाकीचे का नकोत? सामान संपलं की मामू कशासाठी थांबणार? शेजाऱ्यांपैकी बरेचजण धहरानजवळून पळून आलेले, अंगावरच्या कपड्यांनिशी. मामू दुकानात गेला की मी एक खोका फोडायचो, ताटल्या, इस्त्र्या, ब्लँकेटं बिल्डिंगभर वाटायचो, खोक्यात वर्तमानपत्रं आणि पाण्याच्या रिकाम्या बाटल्या भरून पट्टी मारायचो. सगळ्यांचं सारखं कमी केलं, एकावरही अन्याय नाही, हे लक्षात घ्या. अम्मीचा खोकासुद्धा सोडला नाही. तीन आठवड्यांत आठही खोके रिकामे. मामू रोज रात्री मोजून यायचा, आठ, आणि समाधानानं झोपायचा.

परवा दुपारी आम्ही (तिसऱ्या दिवसाचा) भात खात होतो आणि भोंग्याबरोबरच मोठा दणका झाला. अख्खी बिल्डिंग हलली. मी ओट्याखाली. मामू स्वयंपाकघरात नाही! बघतो तर आतल्या खोलीचं दार उघडं, पट्ट्या लोंबतायत, आणि त्रेचाळीस वर्षांचा, ऐंशी किलोचा माझा मामू तुमच्या खोक्यावर पालथा पडलाय, दोन्ही हात पसरून, कोंबडी पिल्लांवर बसते तसा. तोंडाला मास्क नाही. मी ओरडलो, "मामू, उठ!" तो म्हणाला, "आपाचा डिनर सेट आहे!" आणि तेवढ्यात खोका बसला. हळूहळू, बाटल्या कुरकुरत, पार जमिनीपर्यंत.

भोंगा थांबला. मामूनं उठून एक बाटली उचलली. मग दुसरा खोका हलवला, मग तिसरा. मी मारासाठी तयार राहिलो. तो बसला, आणि मला म्हणतो, "हम्माद, आता आपाला काय सांगू?" खाला, वरून क्षेपणास्त्रं पडतायत आणि हा माणूस तुम्हाला घाबरतोय.

मी म्हटलं, सांग की घरी आलोय. तो म्हणाला, रिकाम्या हातानं? बाजूच्या खोलीतल्या सिलोनी बाईनं दणक्यानंतर सगळ्यांना चहा आणला, तो नेमका तुमच्याच सेटच्या कपांत. सहा वर्षांत पहिल्यांदा मामूच्या कपाला कान होता. त्यानं कप उलटसुलट फिरवून बघितला आणि म्हणाला, "नक्षी बरी आहे." मग फ्रिजवरच्या चित्राकडे बघत चहा प्यायला.

शिरीष साहेब उद्या निघतायत. त्यांच्या वीस किलोत बहिणीचा मिक्सर आणि एक पायजमा आहे. मिक्सरच्या भांड्यात हे पत्र ठेवतोय, मुंबईत ते पेटीत टाकतील. मोठ्यांना सलाम, लहानांना प्यार, कोंबडीला लांबूनच.

तुमचा (अजून असलो तर) भाचा,
हम्माद

ता.क. मतलब हा: पत्र मिळताच कफीलच्या पत्त्यावर तार करा. "सामान नको. उस्मान ये." खाली आठही भावंडांची नावं. एकही गाळू नका, नाहीतर तो त्या एकासाठी पुन्हा खोका भरायला घेईल. कागदाची मुदत आठ मार्चला संपते.

ता.क. २. ब्लँकेट भिजवलं हे खोटं आहे. थंडी वाजत होती. वाघ अजून माझ्याच अंगावर आहे, कोरडा आहे, तुम्हाला हवा असेल तर तसं लिहू नका.

ता.क. ३. मामू गेला की खोली मला एकट्याला मिळेल, म्हणून मी हे करतोय असं अम्मी म्हणेल. तिला म्हणावं, थोडं तेही आहे.

आपा, सलाम. मी उस्मान लिहितोय. शिरीष साहेबांचा मिक्सर बांधताना भांड्यात हे सापडलं, वाचलं, आणि पाकीट पुन्हा त्याच पट्टीनं चिकटवतोय. पोरानं अर्ध्या गोष्टी वाढवून लिहिल्यात. भात अकराजणांचा नसतो, सहाजणांचा असतो. खोके हलके लागतात हे मला दुसऱ्याच दिवशी कळलं होतं, सहा वर्षं मी बर्फाच्या पेट्या उचलतोय. कुणी फोडतोय तर फोडू दे, असं वाटलं. मला स्वतःला फोडवले नसते. पण तुझा तरी शाबूत असेल अशी आशा होती, त्यात दोन काचेच्या बरण्या जास्तीच्या होत्या. जमालला सांगू नको.

तार कर. आठ नावं नकोत, तुझं एकटीचं पुरे. आणि तारेतच सहरच्या पावलाची लांबी लिही, इंचात. इथं चालताना दिवे लागणारे बूट मिळतात. दुकानदार विचारतो, किती मोठी आहे, आणि मी प्रत्येक वेळी हातानं काहीतरी दाखवून परत येतो.