कालवाच्या शिंपेची जखम

शनि. ४ जाने. १९४७, लोधिवली
दिवेलागणीला ह्यांच्या मामांकडे पोचलो. कर्जतहून चौकपर्यंत मोटार, पुढं बैलगाडी. बेबीला पहिल्यांदाच सासूबाईंपाशी ठेवलंय. उद्या आपट्याहून होडीनं खाडीत जायचं. ह्यांना शाळेत पोरांना पक्षी नुसते शिकवून भागत नाही, स्वतःच्या डोळ्यांनी बघायचे असतात. दुर्बीण उपरण्यात गुंडाळून उशाशी घेतलीय. मामी म्हणाल्या, तिवरांत सुसरी आहेत, बाईमाणसानं कशाला जायचं. हे हसले. मला पोहता येत नाही हे मी बोलले नाही.

सोम. ६, सकाळी
काल लिहवलं नाही.
सकाळ छान गेली. होडीवाला धर्मा, आपट्याचाच, मोजकं बोलणारा. दोन्ही काठांना तिवरं, चिखलातून वर आलेली त्यांची मुळं. खंड्या, बगळे, एक पाणमांजर तोंडात मासा धरून. हे अगदी लहान मुलासारखे. मग एका अरुंद फाट्यात शिरायचं ह्यांनी ठरवलं, तिथं पाणकावळे बसतात म्हणे. धर्मा म्हणाला ओहोटी लागेल, पण फार ताणलं नाही त्यानं. पाणी उतरलं आणि होडी चिखलात बसली.
समोरच्या काठावर सुसर ऊन खात पडली होती. तोंड उघडं.
हे ढकलायला उतरले. मी नको नको म्हणतेय. दोन पावलांत मांड्यांपर्यंत गेले. पाय ओढून काढायला गेले तर कमरेपर्यंत. धर्मा ओरडला नाही, हळूच म्हणाला, "हलू नका मास्तर. छाती टाका चिखलावर, आडवं व्हा."
तेवढ्यात सुसर पाण्यात उतरली. अगदी सावकाश. मग दिसलीच नाही. दिसत होती तेव्हा बरं होतं.
माझं तोंड उघडलेलं बघून हे म्हणतात, "ओरडू नकोस, पाखरं उडतील." कमरेइतके चिखलात रुतलेत आणि हे! राग आला, रडूही आलं. धर्मानं फळी चिखलावर टाकली, दोर फेकला, तो ह्यांनी काखेखालून घेतला. आम्ही दोघांनी ओढलं. माझे तळहात सोलले. हे वर आले तेव्हा डाव्या पायाचा तळवा कालवाच्या शिंपेनं फाटलेला, आत काळा चिखल.
भरती येईपर्यंत तिथंच. धर्मा वल्हं उगारून बसलेला, त्याचेही ओठ सुकलेले. पाण्यात बुडबुडा आला की तिघंही तिकडंच बघायचो. भरती कधी म्हणून विचारलं तर म्हणाला, "येल वयनी, पानी येल. तुमी त्या अंगाला बघू नका."
आलं शेवटी.

मंगळ. ७, कर्जत
डॉक्टरांनी जखम धुतली. शिंपेचा तुकडा निघाला. धनुर्वाताची टोचणी इथं नाही, मुंबईहून मागवतो म्हणाले. सहज म्हणाले.
माझा धाकटा भाऊ बापू. त्याला गंजका खिळा लागला होता. आधी जबडा आखडला. आई चमच्यानं पाणी घालायला बघायची, दात उघडेनात. ह्यांना सगळं ठाऊक आहे. आम्ही दोघांनीही त्याचं नाव काढलं नाही.

गुरु. ९
टोचणी आली, दिली. डॉक्टरांना दाराशी गाठून विचारलं, उशीर तर नाही ना झाला? म्हणाले, "द्यायची ती दिली, वहिनी. आता लक्ष ठेवा." कशावर, ते मला सांगावं लागत नाही.

शनि. ११
हे जेवताना मी समोर बसते. मुद्दाम भाकरी करते, चावावी लागेल अशी. आज ह्यांनी जांभई दिली, तोंड चांगलं मोठं उघडलं. मला इतकं बरं वाटलं की भात करपला. सासूबाई म्हणतात, अगं तूही जेव की.
"काय बघतेस सारखी?" हे.
म्हटलं काही नाही.
दुपारी धर्मा आला, चौकपर्यंत चालत, पुढं मोटारीनं. पायरीवरच बसला. होडी आत घालायला नको होती, असं म्हणत राहिला. हे म्हणाले, अरे, हट्ट माझा होता. पुढच्या थंडीत पुन्हा जाऊ. मी उठून आत गेले.

रवि. १२
ताप नाही. जखम वरून कोरडी. आतून काय चाललंय कोण सांगणार.

मंगळ. १४, संक्रांत
हे सकाळी उठले ते मान चोळत. उशीनं अवघडली म्हणाले. मी दुसरी उशी दिली. दुसरं काय करणार.
बेबीनं स्वतःच्या हातानं ह्यांना तिळाचा लाडू दिला. ह्यांनी तोंडापर्यंत नेला, मग हातातच ठेवला.
"कडक झालेत गं या खेपेला."
मी आत जाऊन त्याच डब्यातला एक खाल्ला. मऊ होता.
डॉक्टरांकडे गडी धाडलाय. हे ओटीवर बेबीला पक्ष्यांची नावं सांगतायत, ती हसतेय, हेही हसतायत. पुरतं तोंड उघडून हसतायत का ते इथून नीट दिसत नाही. जवळ जायला हवं. जात नाही. डॉक्टर अजून