चौदा एप्रिलला काढलेले तेल

मी, कुमारी प्रियदर्शनी सखाराम ओव्हाळ, वय अडुसष्ट, निवृत्त अधिव्याख्याता, यंत्र अभियांत्रिकी, राहणार धायरी, पुणे, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझी बुद्धी शाबूत आहे. माझ्यावर कोणाचा दबाव नाही, आणि दबाव आणायला माझ्याजवळ कोणी राहतही नाही. पुढच्या महिन्यात माझ्या हृदयाची झडप बदलायची आहे. डॉक्टर म्हणतात, काळजीचे कारण नाही. मीही विद्यार्थ्यांना इंजिन उघडण्यापूर्वी असेच सांगत असे, त्यामुळे कागद करून ठेवलेला बरा.

यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही. आमच्या वडिलांनीही केले नव्हते. त्याचे काय झाले ते कलम चारमध्ये येईल.

कलम १. धायरीचा फ्लॅट माझा पुतण्या नव्हे, भाचा, चेतन वैजनाथ ओव्हाळ याला मिळावा. (वकिलांच्या कच्च्या मसुद्यात पुतण्या लिहिले होते. मी त्याची आत्या आहे, काकू नाही.) बाल्कनीला काचा लावून ती खोलीत घेऊ नये. घेतली तर मी काही करू शकणार नाही, पण घेऊ नये. या मृत्युपत्राची अंमलबजावणीही चेतननेच करावी.

कलम २. बँकेतील ठेवी, जेथे मी शिकवले त्या तंत्रनिकेतनाच्या मुलींच्या वसतिगृहाला द्याव्यात. मी शिकत होते तेव्हा वर्गात एकटी मुलगी होते आणि वर्कशॉपच्या इमारतीत मुलींसाठी स्वच्छतागृह नव्हते. एवढे कारण पुरे.

कलम ३. माझ्या पार्किंगच्या जागेतील तेलाचे डाग सोसायटीचे सचिव श्री. पोपटराव यांनी वार्षिक सभेच्या विषयपत्रिकेवर पुन्हा पुन्हा घेतले आहेत. ते डाग मी सोसायटीलाच ठेवून जात आहे. सभेला विषय हवाच.

कलम ४. गाडी.

ही १९६७ सालची दोन आसनांची विलायती स्पोर्ट्स कार आहे. रंग गडद हिरवा, छत कापडी. वडील पाटबंधारे खात्यात खडकवासल्याला अभियंता होते. तिथल्या संरक्षण प्रबोधिनीतील एका लष्करी साहेबांची बदली झाली तेव्हा बंद पडलेली ही गाडी वडिलांनी घेतली आणि वर्षभर रविवार घालवून चालू केली. पेट्रोल पंपावर लोक त्यांना विचारत, "साहेबांची का गाडी?" वडील म्हणत, "हो. साहेबांचीच." आणि पैसे देऊन निघत. मागे आम्ही दोघे बहीणभाऊ, सीट नव्हती तरी, सामानाच्या जागेत अंग चोरून बसलेलो असू. त्या गाडीत बसलो की आम्हाला कोणी नाव, आडनाव विचारत नसे. विचारीपर्यंत गाडी पुढे गेलेली असे.

वडील गेले तेव्हा गाडी कोणाची याचा कागद नव्हता. दादा आणि मी ठरवले की वर्ष वाटून घ्यायचे. चौदा एप्रिलला, बाबासाहेबांच्या जयंतीला, गाडी माझ्याकडे यायची. चौदा ऑक्टोबरला, धम्मदीक्षेच्या दिवशी, दादाकडे जायची. ज्याची पाळी सुरू होते त्याने दुसऱ्याच्या घरी जाऊन गाडी आणायची. दादा माझ्यापेक्षा मोठा. त्याचे नाव दीक्षेच्या आधीचे, माझे नंतरचे. तो बँकेत अधिकारी होता आणि आता लोणी काळभोरला मुलासुनेजवळ राहतो. वहिनी गेल्याला बरीच वर्षे झाली.

भांडण तेलावरून झाले. दादाने गाडीत नव्या गाड्यांचे पातळ, महागडे, सिंथेटिक तेल घातले. डब्यावर शर्यतीच्या गाडीचे चित्र होते, म्हणून. या इंजिनाला ते चालत नाही. याचे कारण पुढच्या कलमात दिले आहे आणि त्यात मी बरोबर आहे, हे मरतानाही सांगते. इंजिनाच्या मागच्या सीलमधून तेल गळू लागले. मी ते दादाला एकट्याला सांगू शकले असते. मी ते चेतनच्या लग्नात, जेवणाच्या पंगतीत, त्याच्या बँकेच्या लोकांसमोर सांगितले. म्हटले, "ज्याला तेल मोजायची डिपस्टिक वाचता येत नाही त्याच्याकडे लोक ठेवी ठेवतात." सगळे हसले. दादाही हसला, आणि उठून वाढप्याला मठ्ठा आणायला सांगून आला.

त्यानंतर दर चौदा एप्रिलला मी लोणीला जात असे ते माझा तेलाचा पिवळा डबा आणि माझी परात घेऊन. त्याच्या अंगणात गाडीखाली परात सरकवायची, बोल्ट काढायचा, दादाचे तेल शेवटच्या थेंबापर्यंत निथळू द्यायचे आणि मग माझे तेल भरायचे. निथळायला तासभर लागतो. तेवढा वेळ दादा चहा करून आणायचा आणि पायरीवर बसायचा. मी टोमणे मारायचे. तो हवापाण्याचे बोलायचा. ऑक्टोबरमध्ये तो गाडी न्यायला यायचा तेव्हा माझ्या दारात त्याने कधी तेल काढले नाही. म्हणायचा, "घरी जाऊन बघतो." मी समजायचे, घरी जाऊन माझे तेल फेकतो.

या वर्षी एप्रिलमध्ये दादा न्यूमोनियाने दवाखान्यात होता. तरी मी लोणीला गेले, कारण पाळी माझी होती. किल्ली सुनेने, अक्षताने, दिली. म्हणाली, "आत्या, या वेळी तेल नका काढू ना. या वर्षी बदलायचं राहिलं होतं, म्हणून बाबांनी दवाखान्यातून फोन करकरून कालच नवीन टाकायला लावलंय."

मी म्हटले, "म्हणूनच काढायचंय."

बोल्ट काढला. परातीत जे उतरले ते काळे नव्हते. मधाच्या रंगाचे होते, नितळ, आणि धार जाड. बोटांत घेतले. माझेच तेल होते. मी अक्षताला विचारले, हे कोणी सांगितले टाकायला. ती म्हणाली, "बाबा कधीपासून हेच टाकतात की. पिवळा डबा. माझं लग्न झालं त्याच्या पुढच्या वर्षीपासून तरी मी हाच बघतेय. तुम्हाला माहीत नव्हतं?"

मला माहीत नव्हते. इतकी वर्षे मी माझेच तेल काढून माझेच तेल भरत होते आणि वर त्याला बोलत होते. वापरलेले तेल काळेच दिसते, पण दोन बोटांत चोळले असते तरी मला कळले असते. मी एकदाही चोळले नाही. तपासल्याशिवाय निष्कर्ष लिहिला तर मी मुलांची जर्नल परत करत असे. मला याची लाज वाटते. पंगतीतल्या वाक्याची वाटतेच, पण त्याहून या न चोळलेल्या तेलाची जास्त वाटते. दादाचेच चुकत असणार, हे मी इंजिनाकडे न बघता ठरवले होते.

त्या दिवशी मी दवाखान्यात गेले. दादाने नाकातली नळी बाजूला करून विचारले, "गाडी नीट चालू झाली?" मी म्हटले, "हो." उन्हाळा गेला, पावसाळा गेला, तो बरा होऊन घरी आला, दर रविवारी फोन होतो, आणि मी हवापाण्याचे बोलते.

म्हणून गाडीतील माझा अर्धा हिस्सा माझा भाऊ वैजनाथ यास द्यावा, आणि देताना त्याला माझ्या वतीने सांगावे की मला कळले आहे, आणि मी चुकले.

(वकील शुभंकर यांनी हा मसुदा वाचला. म्हणाले, "मॅडम, हिस्सा मृत्युपत्रात बसतो. पुढचं वाक्य फोनवर बसतं." मी त्यांना त्यांची फी विचारली. कलम तसेच ठेवले आहे.)

कलम ५. तेलाविषयी. गाडी ज्याच्याकडे असेल त्याने हे पाळावे. वीस-डब्ल्यू-पन्नास जाडीचे साधे खनिज तेल घालावे, आणि ज्यात जस्ताचे प्रमाण पुरेसे आहे असे सांगितलेले घ्यावे. या जुन्या इंजिनात आतले धातूचे भाग एकमेकांवर थेट घासतात आणि जस्ताचा पापुद्रा त्यांना वाचवतो. नव्या गाड्यांना तेवढे जस्त लागत नाही, म्हणून नव्या तेलांत ते कमी केले आहे. पातळ तेल जुन्या सीलमधून गळते. डब्यावरच्या चित्राकडे बघू नये. इंजिन थोडे गरम करून मग तेल काढावे. डिपस्टिकच्या वरच्या खुणेपलीकडे भरू नये. गाडी चालली नाही तरी वर्षातून एकदा बदलावे. एकदाच. आणि काढलेले तेल दोन बोटांत चोळून बघावे.

येथपर्यंत बारा ऑक्टोबरला लिहिले. पुढचे आज चौदा तारखेला लिहीत आहे.

आज दादा गाडी न्यायला आला. अक्षता त्याला घेऊन आली. खाली पार्किंगमध्ये त्याने बॉनेटवर हात ठेवला आणि सवयीने म्हणाला, "घरी जाऊन बघतो." मला बोलायचे होते. ते कागदावर होते, म्हणून दोघांना वर आणले आणि हा कागद दादाच्या हातात दिला. त्याने चष्मा पुसला आणि कलम एकपासून वाचायला सुरुवात केली. बाल्कनीच्या काचांच्या ओळीशी बराच वेळ थांबला. मी स्वयंपाकघरात जाऊन उभी राहिले.

मग त्याने हाक मारली. म्हणाला, "त्या दिवशीचं तेल फेकलंस?"

"गाळून ठेवलंय. दादा, सांगितलं का नाहीस?"

"सांगितलं असतं तर दारातूनच किल्ली घेऊन गेली असतीस," तो म्हणाला. "तेल निथळेपर्यंत तरी बसायचीस."

मी रडले. हे मृत्युपत्रात लिहावे की नाही ठाऊक नाही, पण लिहिते.

थोड्या वेळाने तो म्हणाला, "गाडी मला देऊ नकोस. त्या सीटवर बसलो की मला उठवायला दोघं लागतात. माझाही हिस्सा मी हिलाच देणार आहे. हिला डबा कळतो." अक्षता म्हणाली, "बाबा, मला चालवायला पण येते." आत्ता कळले की गेले दोन हिवाळे गाडी तीच चालवते आहे.

सबब कलम चारमधील 'माझा भाऊ वैजनाथ' हे शब्द खोडले आहेत, तेथे अक्षता चेतन ओव्हाळ असे वाचावे. इंची पान्यांचा संच आणि परातही तिचीच. 'मला कळले आहे, आणि मी चुकले' हे वाक्य खोडले आहे, कारण ते सांगून झाले. खाडाखोडीशेजारी माझ्या व साक्षीदारांच्या सह्या आहेत. ज्याला काही मिळते त्याने साक्षीदार होऊ नये असे वकिलांनी बजावले होते. दादाला आता काही मिळत नाही, म्हणून तो साक्षीदार होऊ शकतो. याचा त्याला फारच आनंद झालेला दिसतो.

स्थळ: धायरी, पुणे
दिनांक: १४ ऑक्टोबर २०२५

लिहून ठेवणार: प्रियदर्शनी सखाराम ओव्हाळ (सही)

साक्षीदार १: डॉ. निकिता रणपिसे, याच इमारतीत दवाखाना. लिहून ठेवणार यांनी शुद्धीवर व आमच्या दोघांसमोर सही केली. (सही)

साक्षीदार २: वैजनाथ सखाराम ओव्हाळ, निवृत्त बँक अधिकारी, राहणार लोणी काळभोर. बहिणीने माझ्यासमोर सही केली. खाली जाऊन तेल पाहिले. चांगले आहे, काढले नाही. साक्षीदाराला अट घालता येत नाही असे ही म्हणते. तरी घालतो. शस्त्रक्रिया करून घ्यावी आणि चौदा एप्रिलला लोणीला यावे. तेल काढायचे नसले तरी तासभर बसावे. (सही)