एक नंबरच्या मशीनवरचं तेज

३ ऑगस्ट, सोमवार
कारखान्याला पन्नास वर्षं झाली म्हणून पुस्तक काढतायत. शर्ट शिवणाऱ्या आम्ही सगळ्या जुन्या बायका त्यात. जुने फोटो असतील तर चौदा तारखेपर्यंत फोनवरून पाठवायचे. माझ्याकडे आहे. एकटीकडेच. खिडकीजवळची एक नंबरची मशीन, तिच्यावर मी, बाकीच्या मागे दाटीवाटीने उभ्या. काजं करणारी ती काजवाली जगाला सांगत फिरते की एक नंबरवर ती बसायची. बसली, पण मी सोडल्यावर, दोन वर्षं. मी अकरा. आता छापूनच येऊ दे.

भिंतीवरच्या फ्रेमचा फोनने फोटो काढला. पहिल्याच झटक्यात जमला. चेहऱ्यावर असं तेज आलंय की नाकडोळे दिसेनात. तरुणपणी मी होतेच तशी.

४ ऑगस्ट, मंगळवार, सकाळी ११
पुस्तकवालीचा फोन. आमच्या जुन्या सुपरवायझरची लेक ही. म्हणते, आजी, फोटो उघडत नाही. तुमच्या फोनने एचईआयसी केलाय, आम्हाला जेपीजी लागतो, बदलून पाठवा. मी म्हटलं, फोटो काय शर्ट आहे का, बसत नाही म्हणून परत पाठवायला? नुसती हसली.

सुनेला विचारलं. ती दिवसभर घरात कॉम्प्युटरसमोरच असते. म्हणाली, एका मिनिटात करून देते, पण आई, आधी फ्रेम उघडून काच काढू या, काचेवर फ्लॅश पडलाय. फ्लॅश म्हणे! सासूच्या चेहऱ्यावरचं तेज हिच्या डोळ्यात खुपतं. फ्रेमच्या पाठीला अठरा खिळे मी स्वतः ठोकलेत. माझ्या हातचं काम मी उसवत नाही.

ठराव: सुनेला विचारायचं नाही. जेपीजी मीच करणार.

६ ऑगस्ट, गुरुवार
केला! शाळेत मी दुसरीपर्यंत. इंग्रजी येतं ते कॉलरच्या लेबलांवरून. एस, एम, एल, एक्सएल. पण अक्षरं सगळी ओळखते. फोटोच्या नावाच्या शेपटीला एचईआयसी लिहिलेलं होतं. पुसलं आणि जेपीजी लिहिलं. अर्ध्या मिनिटाचं काम. लोक यासाठी कॉलेजात जातात.

लगेच पाठवला. सुनेला मुद्दाम ऐकू जाईल असं बोलले.

७ ऑगस्ट, शुक्रवार
उघडत नाही म्हणे. पुस्तकवाली म्हणते, आजी, नाव बदललंत, आतून तो तसाच आहे.

एकदा कारखान्यात काजवालीने एक्सएलच्या दोनशे शर्टांना एमची लेबलं लावली होती, तेव्हा मीच तिला सगळ्यांसमोर म्हटलं होतं, लेबल बदललं म्हणून शर्ट आखडतो का गं बाई? पण ती गोष्ट वेगळी. ते कापड होतं.

८ ऑगस्ट, शनिवार, दुपारी
चौकातल्या फोटोवाल्याकडे गेले. फ्रेम टॉवेलात गुंडाळून बगलेत. दोनदा वाटेत बसावं लागलं. गुडघ्यांमुळे नाही, ऊन होतं.

तो म्हणाला, आजी, काच काढतो आणि स्कॅन करतो, पाच मिनिटं बसा. हा पण काचेच्याच मागे लागलेला. सुनेने फोन केला असणार. त्याला विचारलं, खिळे परत असेच सरळ रेषेत ठोकशील? म्हणाला, खिळे कशाला, टेप लावतो. टेप! फ्रेम उचलली आणि घरी आले.

९ ऑगस्ट, रविवार
विश्रांती. पाठ धरलीय. फ्रेमशी संबंध नाही.

११ ऑगस्ट, मंगळवार
इंटरनेटवर फोटो बदलून देणारं दुकान सापडलं. फुकट. हिरवं बटण दाबा म्हणाले, दाबलं. तर फोन ओरडायला लागला की त्याच्यात सतरा व्हायरस शिरलेत. मी पण त्याला सुनावलं. मुलगा ऑफिसातून आला, फोन हातात घेतला, म्हणाला, आई, हिरवं बटण जाहिरातीचं होतं. खरं बटण खाली, बारीक, करड्या रंगाचं. खरी वस्तू बारीक अक्षरात लपवायची ही कुठली रीत?

म्हणाला, दे, मी करतो. नको म्हटलं. ठराव सुनेपुरता होता, पण नवराबायको एकच.

१३ ऑगस्ट, गुरुवार, दुपारी ४
झाला! करडं बटण दाबलं, फोटो आत गेला, जेपीजी होऊन बाहेर आला. मध्ये विचारलं, दर्जा किती ठेवू? फाइल हलकी हवी की भारी? शर्ट हलकाच चांगला, उन्हाळ्यात बरा पडतो. पट्टी ओढून पार डावीकडे नेली.

पाठवला. पुस्तकवालीचं उत्तर आलं: उघडला!

सुनेच्या खोलीच्या दारात जाऊन उभी राहिले. ती मीटिंगमध्ये होती. तरी सांगितलं. मीटिंगमधल्या चौघांनी टाळ्या वाजवल्या. एकाने मला विचारलं, आजी, आमच्याकडे नोकरी करता का? विचार करते म्हटलं.

१४ ऑगस्ट, शुक्रवार
पुस्तकवालीचा फोन. फोटो जरा धुरकट आलाय, चालवून घेऊ. पण आजी, एक नंबरच्या मशीनवर जी बाई आहे तिच्या तोंडावर मोठा पांढरा ठिपका आहे. दुसरा फोटो पाठवता का? आज संध्याकाळपर्यंत वेळ आहे.

स्पष्ट सांगितलं, ठिपका नाही, तेज आहे. मुळीच हात लावायचा नाही. आहे तसा छापायचा. बरं म्हणाली.

खाली नाव घाला म्हणायचं राहिलं. पण मला कोण ओळखणार नाही?

३० ऑगस्ट, रविवार
पुस्तकाचा समारंभ. पान सतरा. आख्खं पान.

मागच्या रांगेतल्या सगळ्या ओळखू येतात. मशीन ओळखू येते, चाकावरचा एक नंबरसुद्धा. मशीनवर बाईचं अंग, दोन हात, आणि मानेवर एक पांढरी बशी. खाली छापलंय: एक नंबरच्या मशीनवर कामात मग्न एक कामगार.

सुनेने पान बघितलं आणि ती माझ्यासाठी चहा आणायला गेली. एवढं शहाणपण तिला कुणी शिकवलं कोण जाणे.

३१ ऑगस्ट, सोमवार, सकाळी १०
रात्रीतून ठराव केला होता: फ्रेम घेऊन घरोघर जायचं, सगळ्यांना खरं दाखवायचं. सकाळी उचलली. परत टांगली.

एवढ्यात काजवाली आली. पुस्तक बगलेत, पान सतराला दोरा घातलेला. सात घरं फिरून आली म्हणे. बशीवर बोट ठेवून म्हणाली, बघ, किती छान आलेय मी.

म्हटलं, अगं, ती मी आहे.

म्हणाली, हो का? तोंड कुठाय?

भिंतीकडे बोट दाखवलं. ती उठली, फ्रेमजवळ गेली, चष्मा लावून नीट निरखलं. म्हणाली, हो गं, तूच आहेस. पण ही फ्रेम एकच आहे ना? पुस्तकं पाचशे छापलीत.

तिला चहा दिला. जाताना म्हणाली, साखर कमी होती.

सुनेकडून पक्कड मागून घेतली. अठरापैकी तीन खिळे निघालेत. चांगले ठोकलेत मेले.